तटस्थ आणि मध्यस्थ

शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा सामना रंगात आला आहे. फलंदाज जीव तोडून धावतो, चेंडू यष्टींवर आदळतो आणि एकच गलका होतो. एक संघ म्हणतो 'बाद', दुसरा म्हणतो 'मुळीच नाही'. पंच म्हणून कोणी नेमलेलेच नाही. मग सगळ्यांच्या नजरा रेषेबाहेर बसलेल्या तुमच्याकडे वळतात. "तू सांग. तू तर कोणाच्याच बाजूचा नाहीस!"

तुम्ही खरोखरच कोणाच्याच बाजूचे नसता का? फलंदाज तुमच्या शेजारच्या बाकावर बसणारा असेल, किंवा गोलंदाजाने कालच तुमची वही परत करायला नकार दिला असेल. तुम्ही प्रामाणिकपणे 'जे दिसले ते' सांगाल. पण जे दिसले, तेच झाले होते का?

प्रश्न खेळापुरता नाही. दोन भावांमधला शेताच्या बांधाचा वाद, घरमालक आणि भाडेकरू यांचे भांडण, पती-पत्नीमधली कुरबुर अशा ठिकाणी कोणीतरी तिसरा माणूस लागतो. त्याच्या निःपक्षपातीपणावर कुणाचे घर, कुणाची जमीन, कुणाचे नाते अवलंबून असते. म्हणून माणूस तटस्थ होऊ शकतो का, आणि होत असेल तर कशाने, हा प्रश्न शास्त्रीय दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

काठावरचा आणि मधला

आपल्या भाषेत यासाठी दोन सुंदर शब्द आहेत. तट म्हणजे नदीचा काठ. जो काठावर उभा राहून प्रवाहाकडे पाहतो, तो तटस्थ. जो दोघांच्या मध्ये उभा राहतो, तो मध्यस्थ. भांडण मिटवणाऱ्याला ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. प्रवाहाच्या मध्ये तर उभे राहायचे, पण वाहून मात्र जायचे नाही!

मध्यस्थ म्हणजे न्यायाधीश नव्हे. न्यायाधीश निकाल देतो, लवादही निवाडा देतो. तो दोन्ही पक्षांना पाळावा लागतो. मध्यस्थ निकाल देत नाही. दोन्ही पक्षांना एकमेकांचे म्हणणे समजावे आणि त्यांनी आपण होऊन तोडगा काढावा, यासाठी तो मदत करतो. आपल्या देशात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ अन्वये २००२ पासून न्यायालयांना योग्य दावे मध्यस्थीकडे पाठवता येतात, आणि २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीसाठी स्वतंत्र कायदाच केला. मध्यस्थाने तटस्थ व निःपक्षपाती राहावे, अशी या कायद्याची अपेक्षा आहे.

मध्यस्थी कशी चालते याचे एक छोटेसे उदाहरण मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ च्या सुमारास दिले होते. ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, तर खुद्द फॉलेटबाईंना ती बंद हवी होती. खिडकी अर्धी उघडली असती तर दोघेही नाराज झाले असते. पण त्या माणसाला हवी होती मोकळी हवा, आणि बाईंना नको होता अंगावर येणारा वारा. मग शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली, आणि दोघांचेही काम झाले. असा तोडगा सुचायला मागणीच्या मागची गरज ऐकू यावी लागते. मनात आधीच 'हा बरोबर, तो हेकेखोर' असे ठरून गेले असेल, तर ती ऐकू येत नाही.

आठ दशांश सेकंदाची नोकरी

पाहणाऱ्याच्या मनामुळे पाहण्यात फरक पडतो, हे विज्ञानाला एका दुःखद घटनेतून कळू लागले. इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते आणि डेव्हिड किनब्रुक हा त्यांचा मदतनीस. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात ताणलेल्या बारीक तारेला आकाशातला तारा नेमका केव्हा ओलांडतो, याची वेळ टिपणे हे त्यांचे काम. डोळा दुर्बिणीला, कान घड्याळाच्या ठोक्यांकडे, आणि दोन ठोक्यांमधला सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने ठरवायचा, अशी पद्धत होती.

१७९५ मध्ये मॅस्केलिन यांच्या लक्षात आले की, किनब्रुकच्या वेळा आपल्यापेक्षा सुमारे अर्ध्या सेकंदाने उशिराच्या येतात. त्यांनी त्याला सावध केले. पण पुढे हा फरक कमी होण्याऐवजी ०.८ सेकंदापर्यंत वाढला, आणि १७९६ मध्ये किनब्रुकची नोकरी गेली.

०.८ सेकंद म्हणजे फार का? विषुववृत्तावरचा बिंदू पृथ्वीच्या फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे ४६५ मीटर सरकतो. म्हणजे ०.८ सेकंदाची चूक स्थाननिश्चितीत सुमारे ३७० मीटरची चूक होते. मॅस्केलिन यांची काळजी रास्त होती. पण मदतनीस चुकतो आणि आपण बरोबर, हे त्यांनी कशावरून ठरवले?

पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल याने हा वृत्तान्त वाचला व त्याला तीच शंका आली. १८२० च्या सुमारास त्याने आपल्या नोंदी इतर नामवंत निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यांच्यातही फरक निघाले, काही तर एक सेकंदाहून अधिक! प्रत्येक निरीक्षकाची आपली अशी एक ठरावीक चूक असते, असा निष्कर्ष निघाला. तिला 'वैयक्तिक समीकरण' असे नाव पडले, आणि ती मोजून नोंदी दुरुस्त करण्याची रीत सुरू झाली.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, चूक केवळ 'दुसऱ्याची' नसते. दुसरा असा की, 'यापुढे नीट पाहीन' असा नुसता निश्चय केल्याने ती जात नाही; किनब्रुकला ताकीद मिळूनही फरक वाढलाच होता.

ही झाली आकाशातल्या ताऱ्याची गोष्ट. त्या ताऱ्याशी कुणाचे भांडण नव्हते. जिथे आपले-परके असते तिथे काय होते? १९५१ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन महाविद्यालयांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा एक अतिशय धसमुसळा सामना झाला. एका बाजूच्या खेळाडूचे नाक मोडले, तर दुसऱ्या बाजूच्या खेळाडूचा पाय. पुढे हॅस्टॉर्फ आणि कॅंट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याचा एकच चित्रपट दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच संघाचे ९.८ दिसले! १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध आजही अभ्यासला जातो. हे विद्यार्थी खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांना तसे 'दिसले' होते.

शून्यांक पाहून घ्या

प्रयोगशाळेत स्क्रू गेज हातात घेतल्यावर सर पहिली गोष्ट कोणती सांगतात? मोजायची तार जबड्यात धरण्यापूर्वी जबडे मिटवा आणि शून्यावर शून्य येते का ते पाहा. येत नसेल तर उपकरण फेकून द्यायचे नाही. चूक किती आणि कोणत्या दिशेला आहे ते लिहून ठेवायचे आणि शेवटी ती वजा करायची. शून्यांकातली चूक माहीत असलेले उपकरण कामाचे असते. 'माझ्यात चूकच नाही' अशा समजुतीने वापरलेले उपकरण मात्र फसवते.

मध्यस्थाचे मन हेही एक उपकरण आहे. पण त्याचा शून्यांक पाहायचा कसा? येथे आपल्याच भूमीतल्या एका जुन्या पद्धतीकडे आज पाश्चात्त्य कायदेतज्ज्ञही वळले आहेत. ती म्हणजे सजगतेचे ध्यान. हल्ली 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द सर्वत्र ऐकू येतो. तो पाली भाषेतील 'सति', म्हणजे संस्कृतातील 'स्मृति', या शब्दासाठी योजलेला आहे. बौद्ध परंपरेत या साधनेचे सविस्तर वर्णन आहे. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि विपश्यना शिकवू लागले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचे त्यांचे केंद्र आज जगभर माहीत आहे. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यात धार्मिक विधी नव्हते. पुढे २००२ मध्ये लेनर्ड रिस्किन या कायद्याच्या प्राध्यापकांनी वकिलांना व मध्यस्थांना अशा ध्यानाचा उपयोग होईल, असे एका दीर्घ लेखात मांडले.

कृती अगदी साधी आहे. शांत बसायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचे. थोड्याच वेळात मन भटकते. ते भटकले असे लक्षात आले की, स्वतःवर न रागावता लक्ष पुन्हा श्वासावर आणायचे. पुन्हा भटकते, पुन्हा आणायचे. इतकेच!

मन भटकते यात नवल नाही. २०१० मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवर विचारले, "आत्ता तुमचे लक्ष हातातल्या कामावर आहे का?" सुमारे ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होते. ध्यानाने भटकणे एकदम थांबत नाही. मन भटकले हे लवकर लक्षात येण्याची सवय मात्र लागते. मध्यस्थाला हवी असते ती हीच गोष्ट. समोरचा माणूस मोठ्याने बोलू लागला की आपल्या छातीत धडधड होते, जबडा आवळला जातो, मनात 'हा उद्धटच आहे' असे वाक्य उमटते. ते उमटताच दिसले, तर ते शून्यांकाच्या चुकीसारखे बाजूला ठेवता येते. दिसले नाही, तर तेच निर्णय घेऊ लागते.

अडकलेला काटा, स्थिरावलेला काटा

येथे एक मोठा गैरसमज होण्याचा धोका आहे. तटस्थ म्हणजे ज्याला काहीच वाटत नाही तो, असे अनेकांना वाटते. या ठिकाणी गॅल्व्हानोमीटरची उपमा उपयोगी पडेल.

समजा, तीन गॅल्व्हानोमीटर आहेत. पहिल्याचा काटा विद्युतप्रवाह सुरू होताच उसळी मारतो आणि कितीतरी वेळ डावी-उजवीकडे झोके घेत राहतो. वाचन घेणार कसे? दुसऱ्याचा काटा टेकणाच्या घर्षणामुळे अडकून बसला आहे. कोणताही प्रवाह सोडा, तो शून्यच दाखवतो. दिसायला तो फार शांत, पण उपयोग शून्य! तिसऱ्याचा काटा प्रवाहाबरोबर लगेच हलतो आणि झोके न घेता योग्य जागी थांबतो.

तिसऱ्याचे रहस्य काय? त्यातील तारेचे वेटोळे धातूच्या हलक्या चौकटीवर गुंडाळलेले असते. वेटोळे चुंबकीय क्षेत्रात फिरू लागले की, चौकटीत प्रवाह निर्माण होतात आणि ते त्या फिरण्यालाच विरोध करतात. याला अवमंदन म्हणतात. आता एक बारकावा ध्यानात घ्या. हा विरोध काट्याच्या गतीला असतो. काटा थांबला की विरोधही नाहीसा होतो. म्हणून अवमंदनामुळे झोके कमी होतात, पण काट्याचे अंतिम वाचन तसूभरही बदलत नाही. उलट, टेकणावरचे कोरडे घर्षण काट्याला भलत्याच जागी अडकवून ठेवते, त्यामुळे वाचनच चुकते.

चांगल्या मध्यस्थाची शांतता ही अवमंदनासारखी असावी लागते. समोरच्या बाईंचे दुःख त्याला कळले पाहिजे, त्या गृहस्थांचा अपमान त्याला जाणवला पाहिजे. झोके मात्र नकोत. गंमत अशी की, भाषेनेही हा फरक नोंदवून ठेवला आहे. पालीतील 'उपेक्खा' म्हणजे समतोल राहून नीट पाहणे. मूळ धातू 'ईक्ष्', म्हणजे पाहणे. तोच शब्द मराठीत 'उपेक्षा' झाला आणि त्याचा अर्थ झाला दुर्लक्ष! स्थिरावलेल्या काट्यापासून अडकलेल्या काट्यापर्यंतचा हा प्रवास आहे.

पुरावा काय सांगतो?

उपमा कितीही चांगली असली तरी ती पुरावा नव्हे. प्रयोग काय सांगतात ते पाहू या.

२०१४ मध्ये हाफेनब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बुडीत खर्चा'च्या मोहाचा अभ्यास केला. 'खटल्यात इतका पैसा घातला, आता मागे कसा फिरू?' हा तो मोह. सुमारे पंधरा मिनिटे श्वासाकडे लक्ष दिलेल्या लोकांमध्ये तो कमी आढळला. २०१५ मध्ये ल्यूके आणि गिब्सन यांना असे दिसले की, सजगतेविषयीचे दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर वृद्धांविषयीचे व कृष्णवर्णीयांविषयीचे नकळत असणारे पूर्वग्रह चाचणीत कमी दिसतात. अर्थात चाचणीतला फरक म्हणजे वागण्यातला फरक नव्हे, हे विसरता कामा नये.

उलट बाजूही आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगमालिकेत हाफेनब्राक यांनाच असे आढळले की, श्वासाच्या ध्यानाने अपराधीपणाची भावना कमी होते आणि त्याबरोबर चूक भरून काढण्याची इच्छाही कमी होऊ शकते! ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले, त्याने डोळे मिटून आपली टोचणी शांत करून घेतली, तर ते भांडण मिटणे नव्हे. इतरांच्या भल्याची इच्छा करण्याच्या ध्यानाचा, म्हणजे मैत्रीभावनेचा, परिणाम मात्र निराळा दिसला; त्यानंतर लोक भरपाई करायला अधिक तयार होते.

ध्यानाच्या प्रयोगांत एक मूळचीच अडचण आहे. औषधाच्या चाचणीत निम्म्या रुग्णांना साखरेची गोळी देता येते, आणि कोणाला काय मिळाले हे कोणालाच कळत नाही. ध्यान करणाऱ्याला मात्र आपण ध्यान करतो आहोत हे माहीत असतेच. २०१४ मध्ये गोयल व सहकाऱ्यांनी ४७ नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या. चिंता, खिन्नता आणि वेदना यांत काहीसा उपयोग होतो, याला मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा ध्यान सरस ठरते, असे मात्र दिसले नाही. खुद्द मध्यस्थांच्या निःपक्षपातीपणाविषयीचा थेट पुरावा तर फारच तुटपुंजा आहे. तेव्हा ध्यान केले की माणूस आपोआप न्यायी होतो, असे कोणी म्हणाल्यास त्याला पुरावा विचारा.

पद्धतही हवी

बेसेलने निरीक्षकांना केवळ 'मन शुद्ध करा' असे सांगितले नाही; त्याने चूक मोजण्याची रीत घालून दिली. मध्यस्थीतही तसेच आहे. १९९१ मध्ये सारा कॉब आणि जॅनेट रिफ्किन यांनी मध्यस्थीच्या बैठकांचा अभ्यास करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. जो पक्ष आधी बोलतो, त्याची कहाणी सगळ्या चर्चेची चौकट बनते. दुसऱ्याला आपली कहाणी सांगायला मिळण्याऐवजी आरोपांना उत्तरे देत बसावे लागते. मध्यस्थाच्या मनात काडीचाही पक्षपात नसला तरी हे घडू शकते! म्हणजे चूक कधी मनात असते, तर कधी मांडणीत. म्हणून दुसऱ्या पक्षाला 'यावर तुझे उत्तर काय?' असे न विचारता 'तुझ्या दृष्टीने काय घडले ते पहिल्यापासून सांग' असे म्हणावे. ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून 'असेच ना?' म्हणून खात्री करावी. आणि एखाद्या पक्षाशी आपले नाते किंवा व्यवहार असेल, तर तो सुरुवातीलाच उघड करावा.

करून पाहा

पहिला प्रयोग एकट्याने करण्याचा आहे. पाच मिनिटे शांत बसा. श्वास मुद्दाम लांबवू नका. एक ते दहा श्वास मोजा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करा. लक्ष भटकल्याचे कळताच हातातल्या पेन्सिलीने कागदावर एक रेघ ओढा. रोज रेघा मोजून तारखेप्रमाणे आलेख काढा. सुरुवातीला रेघा वाढल्या तर खट्टू होऊ नका. मन अधिक भटकते असे नसून भटकणे अधिक वेळा ध्यानात येत असेल, हीही शक्यता आहे. यातली कोणती शक्यता खरी, हे कसे ठरवाल? त्यासाठी प्रयोगात काय बदल करावा लागेल?

दुसरा प्रयोग वर्गाने करावा. शिक्षकांनी तो अवश्य घ्यावा. दोन तुकड्यांमधल्या कबड्डीच्या सामन्याचे मोबाइलवर चित्रण करा. दोन्ही तुकड्यांतील काही विद्यार्थ्यांना ते वेगवेगळे दाखवा आणि प्रत्येक संघाचे नियमभंग मोजायला सांगा. मग आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कोणालाही खोटे ठरवू नका. फक्त आकडे पाहा.

तिसरा प्रयोग भांडणाच्या वेळचा. दोन मित्र तुमच्याकडे वाद घेऊन आले, तर ऐकण्यापूर्वी 'मला आत्ताच कोण बरोबर वाटते?' याचे उत्तर एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. हा तुमचा शून्यांक. दोघांचे ऐकून झाल्यावर चिठ्ठी उघडा. तुमचे मत चिठ्ठीतल्यासारखेच राहिले असेल तर स्वतःला विचारा, 'हे मत ऐकलेल्या गोष्टींवरून झाले, की ते आधीच होते?' प्रत्येक वेळी उत्तर सोपे असेल असे नाही. पण हा प्रश्न स्वतःला विचारणारा मध्यस्थ दोन्ही मित्रांना हवासा वाटेल, यात शंका नाही.